आधी ओढा बघा, मग फिल्टर घ्या

बेळगावातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी २६ वर्षं काम केलं. स्टूलचं सॅम्पल आलं की काचपट्टीच्या एका टोकाला सलाईनचा थेंब टाकायचा, दुसऱ्या टोकाला आयोडीनचा. दोन्हींत काडीच्या टोकाएवढं सॅम्पल कालवायचं, वर कव्हरस्लिप ठेवायची आणि मायक्रोस्कोपला डोळा लावायचा. आयोडीनच्या बाजूला जिआर्डिया या पोट बिघडवणाऱ्या परजीवीचा कोष एकदा दिसला की विसरत नाही. लांबट अंड्यासारखा, पिवळट, आत चार केंद्रकं. ज्याचं सॅम्पल असे तो बाहेर बाकावर पोट धरून बसलेला असायचा. विचारलं की कितीदा तरी एकच उत्तर यायचं, “पंधरा दिवसांमागं चोर्ल्याकडं गेलो होतो मॅडम, ओढ्याचं पाणी प्यालो. पण काचेसारखं होतं हो पाणी!”

त्या ‘काचेसारखं’ या शब्दापायी मी हे लिहायला बसले आहे.

मला स्वतःला डोंगर आवडतात. माहेर जांबोटीच्या बाजूला असल्यामुळे लहानपण ओढ्यातच गेलं. आता आमचा दहा-बारा जणांचा गट आहे. पावसाळ्यात सकाळचा राजहंसगड, थंडीत चंदगड तालुक्यातले महिपाळगड, कलानंदीगड, पारगड, आणि वनखात्याची परवानगी मिळाली तर भीमगडाचं जंगल. गटात नवीन मुलं आली की बूट घेऊन झाल्यावर त्यांचा दुसरा प्रश्न ठरलेला असतो: “मॅडम, फिल्टर कुठला घेऊ?” मी म्हणते, कंपनीचं नाव नंतर. तू कुठलं पाणी पिणार आहेस ते आधी सांग.

कारण मोबाईलवर फिल्टरबद्दल जे वाचायला-बघायला मिळतं ते बहुतेक दुसऱ्या मुलखातलं असतं. तिथे डोंगराच्या वरच्या अंगाला माणूस नसतो, बर्फ वितळून ओढा होतो, आणि पाण्यात धोका असतो तो जनावरांच्या विष्ठेतून आलेल्या जंतूंचा. आपल्याकडे गडावर वस्ती आहे, जंगलात वाड्या आहेत, ओढ्याच्या वर शेत आहे आणि शेताच्या वर देवस्थान आहे. तिथला सल्ला जसाच्या तसा इथे लागू होत नाही.

पाणी कसं ओळखायचं

पहिली गोष्ट, ऋतू. जून ते सप्टेंबर खानापूर तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात, म्हणजे जांबोटी, कणकुंबी, हेमाडगा या बाजूला, पाणी कमी पडत नाही. कमी पडतं ते निवळ पाणी. जांभ्याची लाल माती धुऊन ओढे दुधाच्या चहासारखे वाहतात. काही वर्षांपूर्वी जुलैत आम्ही नऊ जण होतो आणि फिल्टर एकच, पिशवी पिळून पाणी काढायचा. घरी नळाच्या पाण्यावर तो लिटरभर पाणी दीड मिनिटात द्यायचा. ओढ्यावर तिसऱ्या लिटरला धार बारीक झाली, पाचव्याला थेंब पडायला लागले. पावसात उभं राहून आम्ही आळीपाळीने पिशवी पिळत होतो, आणि पिशवी शिवणीवर फाटली. फिल्टर वाईट नव्हता. गढूळ पाणी थेट त्यात भरायचं नसतं हे मला ठाऊक असून मी घाई केली होती.

त्या दिवसापासून पावसाळ्यात माझ्या पिशवीत दोन गोष्टी पक्क्या असतात: तुरटीचा खडा आणि जुन्या सुती साडीचा तुकडा. चार-पाच लिटरची घडीची पिशवी ओढ्यावर भरायची, तुरटीचा खडा आत धरून सात-आठ वेळा फिरवायचा, जरा ढवळायचं आणि अर्धा तास हलवायचं नाही. मातीच्या बारीक कणांवर ऋण भार असतो. ते एकमेकांना दूर लोटतात, म्हणून कितीही वेळ ठेवलं तरी खाली बसत नाहीत. तुरटीतलं ॲल्युमिनियम तो भार मोडतं, कण एकमेकांना चिकटून जड होतात आणि तळाला जातात. आमच्या आजीला यातलं काही माहीत नव्हतं, पण निवळीचं बी घागरीच्या आत घासून ती हेच साधायची. वरचं निवळ पाणी साडीच्या घडीतून दुसऱ्या भांड्यात ओतायचं, आणि मग फिल्टरची पाळी.

साडीला कमी लेखू नका. बांगलादेशातल्या मतलब भागात जुन्या सुती साडीची किमान चार पदरी घडी करून पाणी गाळायला बायकांना शिकवलं, आणि त्या गावांत पटकी ४८ टक्क्यांनी कमी झाली. तो अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. पटकीचे जंतू पाण्यातल्या सूक्ष्म जीवांना चिकटून राहतात आणि ते जीव साडीच्या घडीत अडकतात, म्हणून हे साधतं. नवी साडी उपयोगाची नाही. वापरून, धुऊन धागे फुललेली जुनी साडी पाहिजे. शहापूरच्या विणकरांच्या गल्लीत वाढलेल्या माझ्या सासूबाईंची एक साडी अशी चार तुकडे होऊन आमच्या गटात फिरते आहे.

ऑक्टोबर ते जानेवारी ओढे निवळतात. फिल्टर सगळ्यात चांगला चालतो तो याच दिवसांत, आणि माणसं सगळ्यात बेफिकीर होतात तीही याच दिवसांत, कारण पाणी दिसायला सुंदर असतं. फेब्रुवारीनंतर ओढा तुटतो आणि डोह उरतात. डोहावर म्हशी येतात, गवे येतात, पानं कुजून पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं होतं. तो रंग पाण्यात विरघळलेला असतो, कुठल्याही बारीक भोकाच्या फिल्टरने तो जात नाही. कोळशाचा थर असलेल्या फिल्टरने थोडा कमी होतो. रंग राहिला म्हणून घाबरायचं कारण नाही. हिरवा तवंग किंवा रंगासारखा थर धरलेला डोह मात्र सोडून द्या. तसल्या शेवाळाचं विष फिल्टरमधून पार जातं आणि उकळूनही मरत नाही.

दुसरी गोष्ट, वरच्या अंगाला काय आहे. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते आणि पुढे खानापूरवरून वाहते. नाव एकच आहे, पण देवळाजवळचं पाणी आणि गावाखालचं पाणी एक नव्हे. वर नुसतं जंगल असेल तर जनावरांमुळे येणारे जिआर्डिया, तसाच दुसरा परजीवी क्रिप्टोस्पोरिडियम आणि जिवाणू यांचा विचार पुरतो. वर माणसांची वस्ती असेल, मग ती गवळी-धनगरांची चार घरं का असेनात, तर माणसाच्या पोटातले विषाणू पाण्यात असू शकतात हे धरून चालायचं. यात त्या घरांचा कमीपणा नाही. शहराखालच्या नाल्यात तेच शंभरपट असतं.

वर फवारणीचं शेत असेल तर प्रश्नच संपला. निपाणीकडचा तंबाखू, चिकोडी-हुक्केरीचा ऊस, त्यातून उतरलेलं पाणी ट्रेकच्या फिल्टरने प्यायचं नाही. खत आणि औषध पाण्यात मिठासारखं विरघळलेलं असतं, आणि ट्रेकचा फिल्टर बहुधा बारीक पोकळ तंतूंचा असतो, तो मीठ अडवत नाही. कोळसा काही औषधं धरतो, सगळी धरत नाही, आणि किती धरली हे आपल्याला तिथे उभं राहून कळत नाही. अशा बाजूला जाताना पाणी घरूनच न्यावं. सौंदत्ती, रामदुर्गकडे बोअरचं पाणी जड. ते पिण्याने तितकं बिघडत नाही, पण फिल्टरमध्ये पांढरा क्षार धरतो.

विहीर किंवा झरा नेहमीचा असेल तर काळी पडणारी बाटली वापरून बघा. १९८२ साली आपल्याच देशातल्या शास्त्रज्ञांनी मांडलेली ही साधी तपासणी आहे. आत आधीच रसायन असलेल्या छोट्या बाटलीत खुणेपर्यंत पाणी भरायचं, उबेला ठेवायचं, आणि एक-दोन दिवसांत पाणी काळं झालं तर त्यात विष्ठेतून येणारे जिवाणू असावेत असं धरायचं. माहेरच्या विहिरीचं पाणी मी एका श्रावणात असं लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाटली शाईसारखी काळी. वहिनीला दाखवली तर ती म्हणाली, “आमी सगळी हेच पाणी पिऊन वाढलाव की गं. आमास्नी कुठं काय हुतंय?”

ती खरंच बोलत होती. कावीळ ‘अ’ चा विषाणू पाच-सहा वर्षांच्या आतल्या पोराला झाला तर बहुतेक वेळा डोळेसुद्धा पिवळे होत नाहीत. दोन दिवस किरकिर करतं आणि बरं होतं, आणि मग जन्मभर ती कावीळ पुन्हा होत नाही. वहिनीचं शरीर ते सगळं लहानपणीच करून बसलं आहे. टिळकवाडीत मशीनच्या पाण्यावर वाढलेल्या विशीतल्या मुलाचं शरीर ते पहिल्यांदाच बघतं, आणि वय वाढलं की हीच कावीळ जास्त आपटते. गावातली माणसं पितात म्हणून आपण प्यावं, हा हिशोब इथे चुकतो.

चाळणीचं भोक

ट्रेकचा फिल्टर म्हणजे चाळण. रव्याची चाळण आणि मैद्याची चाळण आपण वेगळी ठेवतो, इथेही तसंच. बहुतेक चांगल्या फिल्टरवर ०.१ किंवा ०.२ मायक्रॉन लिहिलेलं असतं. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आकडे डोळ्यांपुढे येत नाहीत, म्हणून मी मुलांना फणसावरून सांगते.

जिआर्डियाचा कोष साधारण १० मायक्रॉन लांब. तो अर्ध्या मीटरच्या फणसाएवढा आहे असं धरा. क्रिप्टोस्पोरिडियम त्याच्या निम्मा, म्हणजे पपईएवढा. हगवणीचा किंवा टायफॉईडचा जिवाणू लहानशा पेरूएवढा. याच मापाने ०.१ मायक्रॉनचं भोक वाटाण्याएवढं होतं. त्यातून फणस जाणार नाही, पपई जाणार नाही, पेरूही जाणार नाही. आणि कावीळ ‘अ’ किंवा ‘ई’ चा विषाणू? तो ०.०३ मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे मोहरीचा दाणा. वाटाण्याएवढ्या भोकातून मोहरी सरळ खाली पडते.

एक अपवाद आमच्या भातशेतीच्या भागात सांगावाच लागतो. लेप्टोस्पायरा, उंदरांच्या मुतातून पाण्यात येणारा. तो लांबीला भरपूर पण जाडीला ०.१ मायक्रॉनच्या जवळपास, म्हणजे आपल्या मापात छत्रीच्या काडीसारखा. उभा आला की ०.२ मायक्रॉनच्या भोकातून निसटू शकतो. तो पिण्यापेक्षा पायाच्या जखमेतून जास्त शिरतो, म्हणून पावसाळ्यात भाताच्या बांधावरून जाताना जखम उघडी ठेवू नका आणि चिखलात अनवाणी उतरू नका.

भाच्याची कावीळ

माझा भाचा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना त्याने पैसे साठवून उत्तम फिल्टर घेतला होता, ०.१ मायक्रॉनचा. फेब्रुवारीत तो आणि त्याचे दोन मित्र एका ओढ्याकाठी तंबू ठोकून राहिले. गावाचं नाव लिहीत नाही. ओढ्याच्या वरच्या अंगाला दोन दिवसांमागे जत्रा होऊन गेली होती. महिना उलटल्यावर त्याला ताप आला, जेवण नकोसं झालं, फोडणीच्या वासाने उमाळे यायला लागले आणि लघवी हळदीसारखी झाली. रक्त मीच लावलं. कावीळ ‘अ’ ची तपासणी पॉझिटिव्ह. खाटेवर पडून तो मला सांगत होता, “आत्या, एक थेंबसुद्धा तसाच प्यालो न्हाई गं. सगळं फिल्टर करून प्यालो.”

ते त्याच पाण्यामुळे झालं असं मी शपथेवर सांगू शकत नाही. ही कावीळ अंगात १५ ते ५० दिवस दडून असते, आणि तेवढ्या काळात माणूस बाहेर कितीतरी ठिकाणी खातो-पितो. पण फिल्टरने त्याला या विषाणूपासून वाचवलं नसतं हे नक्की. त्या पोराची चूक काहीच नव्हती. खोक्यावर ‘९९.९९९९ टक्के’ छापलेलं होतं आणि पुढे बारीक अक्षरांत ‘जिवाणू’ असा शब्द होता.

तेव्हापासून माझा नियम साधा आहे. वर वस्ती असेल तर फिल्टर अधिक क्लोरीन, किंवा फिल्टर अधिक उकळणं. नुसता फिल्टर चालेल तो वर निखळ जंगल असलेल्या झऱ्यालाच. आपल्या भागात अशी जागा फार थोडी. बरोबर गरोदर बाई असेल तर मी झऱ्यालाही नुसता फिल्टर चालवून घेत नाही, कारण कावीळ ‘ई’ गरोदरपणात जिवावर बेतते. आणि कावीळ ‘अ’ आणि टायफॉईड या दोन्हींवर लस मिळते. वर्षातून चार-पाचदा डोंगरात जाणाऱ्याने डॉक्टरांना विचारून ती घ्यावी. भारी फिल्टरपेक्षा तो खर्च आधीचा.

कुठल्या प्रकारचा

तोंडाला लावून ओढायची नळी बऱ्याच जणांना आधी आवडते, कारण ती हलकी, जेमतेम ५०-६० ग्रॅमची, आणि स्वस्त. मी ती कुणाला सुचवत नाही. ओढ्यावर ओणवं होऊन प्यायचं, बरोबर न्यायला काही उरत नाही, आणि त्या पाण्यात क्लोरीनही घालता येत नाही, कारण ते थेट तोंडात येतं. घरात पडलीच असेल तर अडीअडचणीला बॅगेच्या तळाशी असू द्या.

पिळायचा फिल्टर, म्हणजे मऊ पिशवीच्या तोंडावर बसवून पाणी दाबून काढायचा, हा एकट्यादुकट्याला आणि तिघा-चौघांना सर्वांत योग्य. सॉयरचा स्क्वीझ आणि कॅटाडीनचा बीफ्री या जातीतले, दोन्हींना भोक ०.१ मायक्रॉन, आणि वजन शंभर ग्रॅमच्या आत. निवडताना एक फरक बघा. सॉयरला २८ मिलिमीटरचे आटे आहेत, त्यामुळे पिशवी फाटली तर काही साध्या प्लास्टिकच्या बाटल्यांवरही तो बसतो. बीफ्रीचं तोंड ४२ मिलिमीटरचं, पाणी भरायला सोपं आणि धार मोठी, पण त्याची स्वतःची पिशवी फाटली तर खडेबाजारात तसली मिळणार नाही. आमची पिशवी पावसात फाटल्यापासून मी बाटलीवर बसणाराच घेते. त्यातही आपल्याकडच्या सगळ्याच बाटल्यांचे आटे जुळत नाहीत. घरी चार वेगळ्या बाटल्या लावून, उलट्या करून, दाबून बघा. सांध्यातून एक थेंब जरी बाहेर आला तरी तो न गाळलेला थेंब तुमच्या स्वच्छ बाटलीत पडतो.

मुक्कामाला आठ-दहा जण असतील तर टांगायची पिशवी घ्या. वरच्या पिशवीत ओढ्याचं पाणी, मधे नळी आणि फिल्टर, खाली स्वच्छ पिशवी. झाडाच्या फांदीला अडकवायची आणि भात टाकायला जायचं, पाणी आपलं आपण उतरतं. दहा माणसांना प्यायला आणि स्वयंपाकाला दिवसाला ३०-४० लिटर सहज लागतं. तेवढं हाताने पिळणं म्हणजे शिक्षा.

दाबायची बाटली वेगळ्या जातीची. ग्रेल नावाने मिळते ती अशी: बाहेरच्या भांड्यात पाणी भरायचं आणि आतलं भांडं वजन टाकून खाली दाबायचं. ही विषाणूही धरते, म्हणून वस्तीच्या पाण्याला एकटीच पुरते. पण वजन अर्ध्या किलोच्या आसपास, एका वेळी पाऊण लिटरच्या आत पाणी, आतलं गाळणीचं काडतूस साधारण ३५० दाबांनंतर बदलायचं आणि किंमतही बरीच. गढूळ पाण्यावर तर दाबता दाबता मनगटं भरून येतात. एकटं फिरणारा, गावोगावच्या नळाचं पाणी पिणारा माणूस असेल तर त्याने जरूर घ्यावी. आमच्यासारख्या गटाला नाही.

अतिनील किरणांची कांडी लिटरभर पाण्याला साधारण दीड मिनिट फिरवायची असते. विषाणू, जिवाणू, जिआर्डिया, सगळ्यांना ती निकामी करते, पण पाणी काचेसारखं पाहिजे. मातीच्या कणाआड बसलेल्या जंतूवर उजेड पडतच नाही. शिवाय बॅटरी संपली की हातात नुसती कांडी उरते. पावसाळ्यात आपल्याकडे तिचा उपयोग नाही.

क्लोरीनच्या गोळ्या सगळ्यात स्वस्त, सगळ्यात हलक्या, आणि फिल्टर कितीही भारी असला तरी बरोबर हव्यात. पाकिटावर एका गोळीला किती लिटर ते वाचा, कारण लिटरची गोळी वेगळी आणि २० लिटरची वेगळी. गोळी विरघळल्यावर ३० मिनिटं थांबायचं, पाणी गार असेल तर आणखी थोडं. आधी गाळायचं, मग गोळी. गढूळ पाण्यात गोळी टाकली तर क्लोरीन चिखलावरच खर्च होतं. क्लोरीनला क्रिप्टोस्पोरिडियम दाद देत नाही, पण तो तुमच्या चाळणीत आधीच अडकलेला असतो. चाळण पपई अडवते, गोळी मोहरी मारते, म्हणून ही जोडी. आयोडीनच्या गोळ्या मिळाल्या तरी थायरॉईडवाल्यांनी आणि गरोदर बायकांनी घेऊ नयेत.

उकळणं अजूनही सगळ्यांत खात्रीचं. खळखळ उकळी आल्यापासून एक मिनिट पुरे. हिमालयात दोन हजार मीटरच्या वर गेलात तर तीन मिनिटं. वीस मिनिटं उकळत बसून गॅस जाळायची गरज नाही. अभयारण्यात चूल पेटवायची नाही हे तेवढं ध्यानात ठेवा.

खोकं वाचताना

‘प्युरिफायर’ या शब्दावर जाऊ नका, आपल्याकडे घरातल्या प्रत्येक मशीनला तेच म्हणतात. बाहेरच्या देशांतल्या मालावर ‘फिल्टर’ म्हणजे विषाणू सोडून बाकीचे आणि ‘प्युरिफायर’ म्हणजे विषाणूसकट, असा फरक धरतात. तो तुमच्या हातातल्या खोक्याला लागू आहे का हे तिथला आकडाच सांगेल. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने १९८७ साली घातलेला निकष असा: जिवाणू ९९.९९९९ टक्के, विषाणू ९९.९९ टक्के, जिआर्डियासारखे कोष ९९.९ टक्के कमी व्हायला हवेत. एनएसएफ पी २३१ असं लिहिलेलं असेल तर त्याच निकषावर तपासणी झालेली आहे. तिन्ही ओळी शोधा. विषाणूची ओळ नसेल तर तो विषाणू धरत नाही, असंच समजा.

टक्क्यांमधले नऊ मोजायचे असतात. दहा लाख जिवाणूंतून ९९.९ टक्के गेले तर हजार उरतात, ९९.९९९९ टक्के गेले तर एक. भोकाच्या मापापुढे ‘ॲब्सोल्यूट’ लिहिलंय की ‘नॉमिनल’ तेही बघा. ॲब्सोल्यूट म्हणजे त्याहून मोठं भोक नाहीच. नॉमिनल म्हणजे सरासरीची गोष्ट, आणि जंतू सरासरीला मान देत नाही. ‘इतके हजार लिटर चालतो’ हा आकडा स्वच्छ पाण्यावरचा असतो. लाल पाण्यावर तो कितीतरी आधी थकतो.

हात, बाटल्या आणि वाळवणं

लॅबमधली एक सवय मी गटाला लावली आहे. कच्च्या पाण्याच्या पिशवीला लाल नाडी बांधलेली असते. लाल नाडीवाल्या पिशवीतून कुणी पीत नाही, तिचं झाकण स्वच्छ बाटलीला लावत नाही, आणि फिल्टरचं स्वच्छ तोंड दगडावर टेकवत नाही. शिबिरात पोटं बिघडतात ती पुष्कळदा पाण्यामुळे नव्हे, हातांमुळे. साबणाची वडी नसेल तर जगातला सगळ्यात महाग फिल्टरही पोळी लाटणाऱ्याचे हात धुणार नाही.

प्रत्येक मुक्कामाला रात्री फिल्टर उलटा धुवायचा: स्वच्छ पाण्याची पिचकारी बाहेरच्या तोंडातून जोराने मारायची, म्हणजे अडकलेली माती आलेल्या वाटेने परत जाते. काही फिल्टर पाण्यात हलवून धुवायचे असतात, तेव्हा माहितीपत्रक वाचा. क्षाराने पांढरा पडला तर व्हिनेगरच्या पाण्यात बुडवून ठेवायचा. हंगाम संपला की क्लोरीनच्या सौम्य पाण्याने भरून अर्धा तास ठेवायचा, निथळायचा आणि सावलीत, वाऱ्याला पूर्ण वाळवायचा. ओला फिल्टर पिशवीत घालून कपाटात ठेवला तर पुढच्या ट्रेकला त्यातून बुरशीचा वास येतो, आणि तो मग मी वापरू देत नाही. हिमालयात जाणाऱ्यांनी रात्री तो झोपायच्या पिशवीत, अंगाजवळ घ्यावा. आत उरलेल्या पाण्याचा बर्फ झाला तर तंतू फुटतात, बाहेरून काही दिसत नाही, आणि चाळणीची नुसती नळी झालेली असते. एकदा गोठला असा संशय आला तरी तो टाकायचा.

शेवटची अडचण फिल्टरने सुटणारी नाही. गडावर किंवा वाडीवर घरासमोरून जाताना म्हातारी हाक मारते, “या बाय, पाणी पिऊन जावा,” आणि तांब्या नि गुळाचा खडा पुढे येतो. त्या तांब्यापुढे फिल्टर काढून बसणं माझ्याच्याने होत नाही आणि मी मुलांनाही तसं करू देत नाही. मी ओट्यावर बसते, गूळ तोंडात टाकते आणि म्हणते, “मावशी, पाणी राहू दे, चहा टाका की वाईच.” चुलीवर पातेलं चढतं, पाण्याला खळखळ उकळी येते, चहापत्ती पडते, आणि कपबशी हातात येईपर्यंत त्यातली मोहरीसुद्धा मेलेली असते.